उंची न राखणारा ड्रोन

(आपल्या मंडळाच्या जालना येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या व्यासपीठावरून मुलांचे शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर भाषणे होत असतात आणि ती व्हावयासच हवीत. आज मंडळाने आम्हांस नेमून दिलेला विषय ऐकताच काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मुद्रेवर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. ड्रोन म्हणजे पोरांचे खेळणे, त्यावर जाहीर भाषण ते काय करावयाचे, असा त्या स्मिताचा अर्थ असावा. परंतु आपल्या ज्ञातीतील अनेक तरुणांनी अलीकडे छायाचित्रणाचा व्यवसाय धरला आहे. कोणी पतपेढीचे कर्ज काढून, कोणी घरातील सोने गहाण ठेवून हे यंत्र आणले आहे. सामूहिक विवाहाच्या दिवशी ते मांडवावर फिरत असते, आणि त्याच्या खाली आपलीच मुलेबाळे असतात. अशा वेळी ते यंत्र कोणी न सांगता दोन हात खाली आले, किंवा वर चढू लागले, तर तो विषय पोरखेळाचा राहत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. २०२४ सालच्या पावसाळ्याच्या आरंभी बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात अशा वार्ता उठल्या आणि कित्येक गावांनी रात्री जागून पहारे दिले, हे आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. ज्या मुलखाने असे पहारे दिले आहेत, तेथे शेजाऱ्याच्या गच्चीपर्यंत उतरलेल्या ड्रोनच्या धन्याने ‘यंत्राने ते आपणहून केले’ असे सांगितले, तर त्यावर कोण विश्वास ठेवील?

आम्ही आयुष्याची उमेदीची वर्षे भौतिकशास्त्र शिकविण्यात घालविली. त्यामुळे असे ‘वेडे झालेले’ ड्रोन घेऊन तरुण मंडळी आमच्याकडे येतात. बहुतेकांचा निर्णय आधीच झालेला असतो : यंत्र बिघडले, आता मिळेल त्या किमतीस विकून टाकावे. आमचे म्हणणे असे की, तो निर्णय करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे. यंत्र आज्ञा मोडते आहे, की त्याला मिळणारी साक्षच खोटी आहे? आम्ही पाहिलेल्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रे आज्ञाधारक होती. त्यांची फसवणूक झाली होती.

ड्रोनला जमीन दिसते आणि म्हणून तो उंची राखतो, असा सार्वत्रिक समज आहे. जमिनीपासून काही मीटरांपर्यंत तो खराही आहे. त्याच्या वर मात्र घरगुती ड्रोनचा मुख्य आधार म्हणजे हवेचा भार. त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान असा वायुभारमापक बसविलेला असतो. त्यात सिलिकनचा एक अतिशय पातळ पडदा असतो आणि बाहेरील हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो. वर जावे तसा दाब कमी होतो, पडदा सैल होतो, आणि त्यावरून यंत्र आपली उंची ठरविते. हे तत्त्व नवे नाही. फ्रान्समधील विख्यात तत्त्वज्ञ व गणिती पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे पेरिये हे १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन पुय द दोम नावाचा डोंगर चढले, आणि माथ्यावर पारा पायथ्याच्या मानाने तीन इंचांहून अधिक उतरलेला त्यांना आढळला. पेरिये यांची ती नळीच आज आपल्या मुलांच्या ड्रोनमध्ये दाण्याएवढी होऊन बसली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता आकड्यांकडे वळू. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब एका मिलिबारने उतरावयास सुमारे ९ मीटर वर जावे लागते. चांगला ड्रोन दहा-वीस सेंटिमीटरांचा फरक ओळखतो, म्हणजे एका मिलिबारच्या शंभराव्या हिश्शाइतका बदल त्याला कळतो. एकूण दाब साडेनऊशे मिलिबारच्या आसपास असतो हे ध्यानी घेतले, तर लाखात एक भाग इतका सूक्ष्म फेर हे यंत्र टिपते! असा साक्षीदार जितका सूक्ष्म, तितकाच तो भोळाही असतो. दाब उंचीमुळे बदलला, की हवेच्या स्वतःच्या चलनवलनामुळे बदलला, हे त्याला सांगता येत नाही.

आणि हवा तर रोजच बदलते. आपल्या उष्ण प्रदेशात वायुभाराला समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वांत अधिक, तर पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तो तीन-चार मिलिबारनी उतरतो. आता दुपारच्या साडेबाराच्या मुहूर्ताचा विवाह घ्या. ड्रोन मांडवावर स्थिर उभा आहे. दाब हळूहळू उतरतो आहे. यंत्राला वाटते, ‘आपण वर चढलो’, आणि ते इमानाने स्वतःला खाली आणते. वीस मिनिटांच्या उड्डाणात एवढ्या एका कारणाने दीड-दोन मीटरांचा फरक पडू शकतो. गोरज मुहूर्तावर याच्या उलट : दाब चढत असतो, यंत्राला आपण खाली आल्यासारखे वाटते आणि ते वर सरकते. एकच यंत्र दुपारी खाली येते व संध्याकाळी वर जाते, म्हणून त्याला लिंबू-मिरची बांधलेले आम्ही पाहिले आहे. बांधणाऱ्याची हौस आम्ही मोडली नाही, मात्र कारण समजावून सांगितले.

वळवाच्या पावसाआधी हाच प्रकार फार झपाट्याने होतो. ढग गडगडू लागून थंड हवेचा लोट आला, की दाब काही मिनिटांत एक-दोन मिलिबारनी चढू शकतो. म्हणजे ड्रोन दहा-पंधरा मीटर वर निघून जाईल, आणि तेही नेमके वारा सुटण्याच्या घटकेस. आकाश काळवंडले की ड्रोन उतरवून पेटीत ठेवावा, छायाचित्र राहिले तरी चालेल.

वाऱ्याचाही त्या साक्षीदारावर परिणाम होतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर अर्ध्या मिलिबारहून थोडा अधिक भरतो. त्याच्या काही अंशाएवढा जरी यंत्राच्या पोटातील दाब बदलला, तरी उंचीच्या हिशेबात मीटर-दोन मीटरांची चूक होते. म्हणून वरातीबरोबर वेगाने पुढे नेलेला ड्रोन बहुधा थोडा खचतो आणि थांबविताच पुन्हा सावरतो. असे एवढ्यापुरतेच होत असेल, तर ते दुरुस्त करण्याजोगे व्यंग नव्हे. वेग कमी ठेवावा, म्हणजे झाले.

याउलट एक व्यंग असे आहे की जे आपणच यंत्रात घालतो. वायुभारमापकावर बारीक छिद्रांच्या स्पंजाचा एक तुकडा बसविलेला असतो. पंख्यांचा वारा त्यावर थेट येऊ नये, आणि विशेषतः ऊन पडू नये, यासाठी ती योजना असते. सिलिकनवर प्रकाश पडला की त्यात वीज उत्पन्न होते आणि दाबाचा आकडा उडी घेतो. दुरुस्तीसाठी झाकण उघडणारा मनुष्य तो तुकडा बांधणीतील कचरा समजून टाकून देतो, आणि मग यंत्र सावलीत शहाणे व उन्हात वेडे, असा चमत्कार सुरू होतो. दुसरी खोड याहून वाईट. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ यंत्रात शिरली, की ते पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेच्या नळीने साफ करण्याची पद्धत पडली आहे. त्या झोताने तो पातळ पडदा कायमचा दुखावू शकतो. मऊ कुंचला पुरेसा आहे.

साक्षीदाराची परीक्षा घरच्या घरी होते. ज्या यंत्रांत न उडविताही पडद्यावर उंचीचा आकडा दिसतो, त्यांचे पंखे प्रथम काढून ठेवावेत. ही अट कोणी मोडू नये. पंखे काढलेले यंत्र सावलीत टेबलावर दहा मिनिटे चालू ठेवावे आणि आकड्याकडे पाहावे. सुरुवातीची मिनिटे तो सरकेल, कारण यंत्र आतून तापत असते. पुढे तो मीटरभराच्या आत घुटमळला, तर साक्षीदार शुद्धीवर आहे. मग यंत्र हातात घेऊन जिना चढावा. एका मजल्यास तीन मीटरांच्या आसपास वाढ दिसली पाहिजे आणि खाली उतरताच तो आकडा जवळपास मूळ जागी आला पाहिजे. पेरिये यांनी डोंगरावर केला तो प्रयोग हाच. शेवटी त्यावर विजेरीचा झोत टाकावा. आकड्याने उडी मारली, तर स्पंजाचा तुकडा शोधावयास लागावे.

याच आकड्यावरून उडत्या यंत्राचीही पारख होते, आणि आम्ही जे काही आज सांगत आहो त्यात हे सर्वांत उपयोगी आहे. मोकळ्या जागी ड्रोन गच्चीच्या कठड्याच्या उंचीवर, कठड्यापासून दूर उभा करावा, आणि गच्चीवरील एका माणसाने फक्त यंत्राकडे, तर खालील माणसाने फक्त पडद्याकडे पाहावे. यंत्र डोळ्यांदेखत सरकते पण आकडा तोच राहतो, असे झाले तर साक्षीदार फसला आहे. दाब, वारा, ऊन, ताप यांचा तपास करावा. यंत्र सरकते आणि आकडाही त्याबरोबर बदलतो, असे झाले तर यंत्राला आपली चूक कळते आहे, पण ती सुधारण्याचे बळ त्याच्यात नाही. मग मोटारी, पंखे, बॅटरी यांकडे जावे. हा भेद न करता थेट नवी मोटार बसविणाऱ्यांचे पैसे वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत.

बळ कमी पडण्याची कारणे फार गूढ नसतात. पंख्याच्या पात्यास लागलेली एखादी खाच, सैल स्क्रू, मोटारीत बसलेली धूळ, उलटसुलट बसविलेले पंखे. खाचेच्या पंख्याने मात्र एक विलक्षण गोष्ट होते, तिचा उल्लेख केला पाहिजे. त्याच्या थरथरीने यंत्रातील त्वरणमापकाची गणना बिघडते, आणि ‘आपण खाली पडत आहो’ अशा भ्रमाने यंत्र जोराने वर झेपावू शकते. म्हणजे पात्याच्या टोकास गेलेला तडा उड्डाणाच्या दिशेवरही सत्ता गाजवितो. पंखे स्वस्त आहेत. वाकलेला पंखा सरळ करून पुन्हा लावण्याची काटकसर आमच्या मते महागात पडते.

बॅटरी जुनी झाली की जोर मागताच तिचा दाब कोसळतो आणि यंत्र खचते, किंवा स्वतःच उतरू लागते. वैशाखातील आपल्या उन्हात हे अधिक जाणवते. पारा ४२ अंशांवर असता जालन्याची हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सातव्या हिश्शाने विरळ असते. त्यामुळे पंख्यांना अधिक वेगाने फिरावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. पुष्कळ घरगुती ड्रोनच्या माहितीपत्रकात ४० अंश हीच मर्यादा छापलेली असते, पण ते पत्रक वाचतो कोण? नांगरलेल्या काळ्या रानावरून दुपारी तापलेली हवा वर उसळते, तीही यंत्राला उचलते. वावटळ उठलेली दिसली तर यंत्र तिच्या वाटेतून काढावे.

जमिनीजवळचा दुसरा साक्षीदार म्हणजे पोटाखालचा डोळा. हा छायाचित्राने किंवा न दिसणाऱ्या किरणांनी खालचे अंतर मोजतो. आपल्या जिल्ह्यात त्याला फसविणाऱ्या वस्तू जागोजागी आहेत. मोसंबीच्या बागेवरून खालच्या उंचीने ड्रोन नेला, की क्षणात झाडाचा शेंडा, क्षणात दोन ओळींमधील जमीन, आणि यंत्र हिंदोळ्यासारखे वर-खाली होते. कपाशीची पाने पंख्यांच्या वाऱ्याने हलतात आणि डोळ्यास आधार सापडत नाही. पाण्यावर, मग तो जालन्याचा मोती तलाव असो की शेततळे, प्रतिबिंबाने तोच घोटाळा. सर्वांत वाईट म्हणजे आपल्या रुंद, उघड्या विहिरी. काठ ओलांडताच जमीन एकदम चाळीस-पन्नास फूट खाली गेल्यासारखी भासते आणि काही यंत्रे तिच्या मागोमाग उतरू लागतात. विहिरीचे चित्र घ्यावयाचे असेल, तर बरेच वरून किंवा बाजूने घ्यावे.

बचतगटांतील ज्या भगिनी फवारणीचे मोठे ड्रोन चालवितात, त्यांच्या यंत्रांत पिकापासूनचे अंतर राखण्यासाठी बहुधा रडार असते, म्हणून त्यांची गोष्ट निराळी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला गटांना असे ड्रोन देण्याचे ठरले होते. आपल्या भगिनींनीही त्या विद्येत मागे राहू नये, असे आम्हांस जाता जाता सुचवावेसे वाटते.

काही वेळा यंत्र मुळीच हललेले नसते. अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्यापासून किंवा राजूरला गणपतीच्या टेकडीखालून ड्रोन उडवून मंदिराकडे नेला, की तो खाली येत असल्यासारखा दिसतो. पडद्यावरील उंची ही उड्डाणाच्या जागेपासूनची असते, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. यंत्र आपल्या उंचीवर सरळ जाते आणि टेकडी त्याच्याकडे वर येते. त्यास बिघाड म्हणता येत नाही. धडक मात्र खरी बसते.

तसेच, संपर्क तुटला असता पुष्कळ यंत्रे प्रथम ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत वर चढतात आणि मग घरी परततात. पाण्याच्या टाकीआड गेलेला ड्रोन एकाएकी आकाशात झेपावला, तर तो पळून चाललेला नसतो. त्याला घातलेली आज्ञा तो पाळीत असतो. ती उंची जवळच्या सर्वांत उंच झाडाहून व मनोऱ्याहून अधिक, पण ड्रोन नियम, २०२१ यांनी हिरव्या क्षेत्रासाठी घातलेल्या ४०० फुटांच्या मर्यादेत असावी. उड्डाणापूर्वी ती पाहून घेण्यास अर्धे मिनिट लागते.

होकायंत्राविषयी एक शब्द. जालन्यात लोखंडाचे कारखाने पुष्कळ, म्हणून प्रत्येक बिघाडाचा दोष ‘कंपास’वर टाकून मोकळे होण्याची चाल पडली आहे. सळ्यांच्या राशीजवळ होकायंत्र बहकते, आणि यंत्र बाजूस भरकटते हे खरे, परंतु केवळ वर-खाली होण्याशी त्याचा संबंध फारच थोडा. त्यासाठी माळावर उभे राहून यंत्र गरगर फिरविण्यापेक्षा, थंड झालेले यंत्र गवंड्याच्या पाणसळीने तपासलेल्या टेबलावर ठेवून त्याच्या पुस्तिकेप्रमाणे आतील मोजमापके पुन्हा जुळवून घेणे अधिक फलदायी होते. रिमोटची दांडी हात काढल्यावर नेमकी मध्यावर येते की नाही, हेही त्याच बैठकीत पाहावे. मध्यापासून केसभर खाली राहिलेली दांडी यंत्राला सतत ‘उतर’ म्हणत असते.

हे सर्व जमिनीवरचे झाले. प्रसंग हवेतच आला तर? पहिली गोष्ट, यंत्र माणसांवरून बाजूला न्यावे, मग ते वर जात असो की खाली. वर चढत असेल तर दांडी हळूहळू खाली घ्यावी. ‘घरी परत’ची आज्ञा आपोआप सुरू झाली असल्यास ती रद्द करावी. मोटारी हवेत बंद करू नयेत. तो दगड होऊन पडेल. खाली खचत असेल तर दांडी थोडी वर घेऊन मोकळ्या जागी उतरवावा आणि त्या बॅटरीवर पुन्हा उडवू नये. हाताने झेलण्याचा मोह टाळावा, त्या पात्यांनी बोटे कापतात. आणि वऱ्हाडी मंडळींच्या डोक्यावर तो मुळात उभाच करू नये. मांडवाच्या एका कडेने घेतलेले चित्रही वधूवरांस आवडते, असा आमचा अनुभव आहे.

तरुण मित्रांकडे शेवटचे मागणे. यंत्र आमच्याकडे किंवा कोणाही कारागिराकडे आणाल, तेव्हा सोबत एक कागद आणा. त्यावर दिवसाची वेळ, ऊन होते की सावली, वारा किती, खाली पीक, पाणी की माती, पडद्यावरचा आकडा बदलला की तसाच राहिला, बॅटरी किती टक्के होती आणि झाकण पूर्वी कोणी उघडले होते का, एवढे लिहिलेले असावे. कागद नसेल, तर आम्ही पहिले अर्धा तास यंत्राला हात न लावता तेवढेच विचारीत बसतो.